बाईंच्या छताची पुट्टी

यंदा आमच्या इमारतीची घरपट्टी कमी आली, आणि त्याचं श्रेय घ्यायला प्रत्येक मजल्यावर एकेक माणूस तयार बसलाय. पहिल्या मजल्यावरचे खजिनदार सकाळी फिरायला जातात तिथे सांगतात, की त्यांनी पालिकेत शब्द टाकला म्हणून काम झालं. तळमजल्यावरचे टेलर मास्टर गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता सांगतात, “हमारी बिल्डिंग का टॅक्स माफ हो गया.” माफ नाही हो, सूट मिळालीय, तीही काही वर्षांपुरती. पण मास्टरांना कोण सांगणार, हातात कात्री असते. आमचे हे काहीच बोलत नाहीत, नुसते मिशीतल्या मिशीत हसतात, आणि ते तर जास्तच संशयास्पद दिसतं. सेक्रेटरी मी आहे. कित्येक वर्षं मीच आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. तेव्हा काय झालं ते मीच सांगते. कोणाला राग आला तर त्याने पुढच्या वर्षी खुशाल सेक्रेटरी व्हावं.

इमारत नाशिक रोडची, स्टेशनची अनाउन्समेंट स्वयंपाकघरात ऐकू येते इतक्या अंतरावर. नोटांच्या प्रेसमधल्या लोकांनी एकत्र येऊन बांधलेली, तीन मजली. तेव्हा सिमेंट जरा कमी आणि हौस जरा जास्त घातली असावी. गॅलऱ्यांच्या कडेचं प्लास्टर केव्हाच गळालंय आणि आतल्या सळया उघड्या पडल्यात. खजिनदारांच्या सूनबाई त्या सळईवर मुलांचे मोजे वाळत घालतात. मी एकदा त्यांना म्हटलं, अगं, हे धोकादायक आहे. तर म्हणाली, “नाही काकू, चिमटा लावते मी, उडत नाहीत.”

पण खरी दशा होती तिसऱ्या मजल्यावर, माझ्या डोक्यावर, बाईंच्या घरात. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अख्खं नाशिक रोड त्यांना बाईच म्हणतं आणि मीही. गच्चीचं पाणी मुरून मुरून त्यांच्या हॉलचं छत पुरीसारखं फुगलं होतं. एक पापुद्रा मागच्या पावसाळ्यात खाली आला, बरोबर सोफ्यावर. त्या वेळी बाई स्वयंपाकघरात होत्या म्हणून बरं. तेव्हापासून सोफा भिंतीला आणि बाई सोफ्याच्या टोकाला, अशी व्यवस्था होती.

सोसायटीची सभा लावली की खजिनदार एकच प्रश्न विचारायचे, “गळतं कोणाचं?” बाईंचं. “मग दुरुस्तीचे पैसे आम्ही का भरायचे?” अहो, गच्ची सगळ्यांची आहे. “गच्चीवर आम्ही जातो का?” पापड वाळत घालायला जाता की. “पापडाने गळती होते का?” यावर काय बोलणार, कपाळ? एवढ्यावर न थांबता त्यांनी बाईंच्या छताचा फोटो काढून ठेवला होता. कशासाठी, तर गळती फक्त तिसऱ्या मजल्यावर आहे, पहिल्यावर नाही, याचा पुरावा म्हणून.

बाईंचा मुलगा पुण्याला असतो. चांगला मुलगा आहे, वाईट म्हणायला जागा नाही, म्हणून तर त्रास. दर रविवारी फोनवर त्याचं सुरू, “आई, इकडे ये आता. तिथे एकटी काय करतेस?” बाई म्हणायच्या, “एकटी कुठे, इमारत आहे की.” मला ते ऐकू यायचं, कारण बाई फोनवर वर्गात बोलतात तशाच बोलतात. अजून एक पावसाळा असाच गेला, छताचा मोठा तुकडा आला, की हा मुलगा आईला घेऊन जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. बाई गेल्या तर मी काय करणार होते? दुपारी चारला बाई खाली येतात, पेपर मोठ्याने वाचतात, आणि मी प्रत्येक बातमीला नावं ठेवते. त्यांच्याकडून चटणीची वाटी येते, माझ्याकडून ती कढी भरून जाते. रिकामी वाटी परत करायची आमच्यात पद्धत नाही. तुम्ही जाऊ नका असं तोंडावर सांगायचीही पद्धत नाही. ते मात्र चुकलंच.

तर अशात मी घरपट्टी भरायला गेले आणि तिथे पालिकेची सूचना वाचली. मोडकळीला आलेली इमारत रहिवाशांनी नीट दुरुस्त करून घेतली, तर काही वर्षं घरपट्टीत सूट. अट एवढीच की पालिकेचा इंजिनियर आधी येऊन बघणार, इमारत खरोखर खराब आहे अशी नोंद करणार, मग दुरुस्ती, मग सूट. आणि सूट सगळ्या मजल्यांना सारखी. मी ती सूचना उभ्या उभ्या पुन्हा वाचली आणि रिक्षा करून घरी आले. मला घरपट्टीचं डोंबल पडलं होतं. पण खजिनदारांना पडलं होतं, आणि मला तेच हवं होतं.

झालंही तसंच. सभेत मी “सूट” म्हटलं मात्र, खजिनदारांचा चेहरा असा काही उजळला की बघत राहावं. “इमारत म्हणजे आपलं कुटुंब,” म्हणाले. “छत एकाचं असलं तरी डोकं सगळ्यांचं.” मास्टरांनी मान डोलावली. सगळ्यांनी सह्या केल्या, बाईंनीही केली, जरा सावकाश. मला वाटलं, चष्मा बदलायला झालाय.

इंजिनियर साहेब येणार त्याच्या आदल्या रविवारी मी सगळ्यांना जिन्यात उभं करून ताकीद दिली. कोणी काही साफ करायचं नाही. जाळी असतील तर असू देत. भेगा झाकायच्या नाहीत. साहेबांना आपली दया आली पाहिजे. आमच्या ह्यांना मी जिन्यातलं एक सैल झालेलं प्लास्टर जरासं हलवायला सांगितलं, दिसायला बरं. हे मूळचे सायखेड्याचे, शेतकऱ्याचा हात, काम लागलं की थांबत नाही. जिन्याच्या वळणावर भलंमोठं भगदाड पाडून वर मला म्हणाले, “आता झालं ना तुझ्या मनासारखं? लय भारी दिसतंय.” मी म्हटलं, अहो, इमारत मोडकळीला आलेली दाखवायचीय, पाडायची नाहीये.

आणि मग तो दिवस उजाडला.

काय सांगू तुम्हाला. घरात परका माणूस येणार म्हटल्यावर आमच्या लोकांचे हात आपोआप झाडूकडे जातात, त्याला सेक्रेटरी तरी काय करणार. खजिनदारांच्या सूनबाईंनी मोजे काढले, सळईला रंग दिला आणि खाली दारात रांगोळी काढली. मास्टरांनी आमच्या ह्यांनी पाडलेल्या भगदाडावर फुलाफुलांचा पडदा शिवून टांगला, झालरीसकट. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “भाभी, साहब लोग आ रहे, बुरा दिखता ना.” त्यांच्या बेगमने जिन्यात उदबत्ती लावली होती. मी चिडून खजिनदारांना हाक मारायला गेले, तर ते नवीन बल्ब लावत होते. आणि मी? मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? पहाटे उठून सगळा जिना मीच धुऊन काढला होता. साहेबांचा पाय घसरू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते.

साहेब म्हणजे तरुण मुलगा, गोरापान, हातात एक छोटी हातोडी. भिंतीवर टकटक करायची, आवाज पोकळ आला की लिहून घ्यायचं, असं त्याचं काम. जिन्यात त्याने टकटक केली, काहीतरी लिहिलं, पडद्याचं कौतुक केलं. पडद्यामागे काय आहे ते बघणार तेवढ्यात मास्टरांनी त्याला सरबत दिलं. मी म्हटलं, असू दे, असू दे. तिसऱ्या मजल्यावर चल, तिथे खरा माल आहे. बाईंचं छत बघितलंस की तुझी हातोडी गळून पडेल. अगदी वाजतगाजत त्याला वर नेलं मी.

दार उघडलं, आणि साहेब वाकून बाईंच्या पाया पडले.

बाईंचा विद्यार्थी निघाला तो. बाईंनी त्याला ओळखलंही. “अरे तू,” म्हणाल्या, “मागच्या बाकावरचा. हातोडी बाहेर ठेव. तिथे, पायपुसण्यावर.” आणि त्याने ठेवली हो. सरकारी हातोडी पायपुसण्यावर ठेवून तो मुलगा गुडघे जुळवून सोफ्यावर बसला, चिवडा खाऊ लागला, आणि मी वर बघितलं.

छत पांढरंशुभ्र होतं. फुगवटा नाही, भेग नाही, सळई नाही, काही नाही. पुट्टी भरून, घासून, वर रंगाचा हात मारलेला. सोफा पुन्हा मधोमध आलेला. मी बाईंकडे बघितलं. बाई बघेनात माझ्याकडे.

चिवडा संपल्यावर त्या मुलाने घाबरत घाबरतच विचारलं, “बाई, छताला काही त्रास आहे का?”

“छत ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या.

आता बाईंनी सांगितलं म्हटल्यावर तो काय परत हातोडी आणून बाईंचं छत वाजवून बघणार? ज्यांनी त्याला खोटं बोलू नये म्हणून शिकवलं, त्यांचा शब्द तो तपासणार? त्याने जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली निघताना मला म्हणाला, “काकू, इमारत किती छान ठेवलीय तुम्ही. पण ही योजना मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी आहे. तुम्हाला गरजच नाही.” आणि रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून बाजूने पाय टाकत निघून गेला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तशीच वर गेले. बाई चहाचे कप विसळत होत्या.

“हे काय केलंत बाई?” मी म्हटलं. “सूट गेली म्हणजे दुरुस्ती गेली. खजिनदार आता एक पै काढणार नाहीत. उद्या ते छत अंगावर आलं म्हणजे?”

“पुट्टी चांगल्या कंपनीची आहे,” बाई म्हणाल्या.

“पुट्टीने सळया जोडल्या जातात का? शिकलेल्या बाई तुम्ही, तुम्हाला कळत नाही?”

तेव्हा बाईंनी कप खाली ठेवला. “मला कळतं,” म्हणाल्या. “तुलाच कळत नाही. मुलाने मला सांगून ठेवलंय, ज्या दिवशी पालिका म्हणेल की घर धोकादायक आहे, त्या दिवशी मी गाडी घेऊन येतो आणि तुझं काही ऐकत नाही. त्याने फोनवर व्हिडिओ लावला की मी कायम खिडकीपाशी बसते, त्याला वरचं दिसू नये म्हणून. आणि तू त्या इंजिनियरला हाताला धरून घरात आणतेस? कशासाठी, तर घरपट्टी कमी व्हावी?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरपट्टी? मी? पण मी काय म्हटलं असेल? तुम्ही जाऊ नये म्हणून केलं, हे म्हणायचं होतं, आणि म्हटलं काय, “सोसायटीच्या हिताचं बघावं लागतं मला.” बाई म्हणाल्या, “बघ मग हित.” मी दार आपटून खाली आले. बाईंचं दार आपटत नाही, त्याची चौकट सुजलीय, म्हणून ते नीट आपटलंही गेलं नाही, तेवढाही आनंद मिळाला नाही.

त्यानंतर चारचा चहा मी एकटीनेच घेतला. पेपर समोर असायचा, पण स्वतः वाचून स्वतःच नावं ठेवण्यात काही राम नसतो. बाईंची वाटी माझ्याकडे अडकली होती. तिच्यात काय भरून पाठवावं हे सुचेना, आणि रिकामी पाठवायची हिंमत होईना. हे म्हणाले, “जा ना वर. दोघींचीबी तोंडं बघवत नाय.” मी म्हटलं, तुम्ही भगदाडं पाडा, तुम्हाला तेच जमतं.

इकडे खजिनदार चवताळले होते. हातातोंडाशी आलेली सूट बाईंनी घालवली म्हणून त्यांनी काय करावं? तो मागच्या पावसाळ्यातला छताचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “हे म्हणे ठणठणीत.” त्यांच्या डोक्यात एवढं आलं नाही, की बाईंचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे बाईंचा मुलगाही त्या ग्रुपवर आहे. एरवी तो कधी ग्रुप उघडत नसावा, पाण्याची टाकी केव्हा धुणार याच्यात त्याला काय रस. पण त्या दिवशी उघडला.

रविवारी सकाळी खाली गाडी उभी राहिली. मागची सीट रिकामी केलेली. मी खिडकीतून बघितलं आणि हातातलं लाटणं तसंच घेऊन वर गेले. का गेले मला माहीत नाही. जाऊन काय करणार होते तेही नाही.

मुलगा हॉलच्या मधोमध उभा राहून वर बघत होता. “आई, छत तर चांगलं दिसतंय,” म्हणाला. “मग तो फोटो कशाचा?” बाई सोफ्याचं कव्हर सारखं करू लागल्या. त्याने माझ्याकडे बघितलं. “काकू?” मी लाटण्याचं पीठ पुसू लागले. त्याने स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, उलथनं आणलं, वर चढला आणि पुट्टीत टोचलं. पहिल्यांदा पांढरी भुकटी पडली. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा ताटाएवढा तुकडा धप्पकन सोफ्यावर आला. वर गंजून पापुद्रे सुटलेल्या सळया. मुलगा खाली उतरला, त्याच्या केसांवर, भुवयांवर सगळी धूळ. त्याचा चेहरा मात्र नुसत्या धुळीने पांढरा पडला नव्हता.

“आई, बॅग भर,” म्हणाला. “आजच निघायचं. मला काही ऐकायचं नाही.”

बाई उठल्या. खरंच उठल्या, आतल्या खोलीकडे निघाल्या, कपाटाच्या दाराचा आवाज आला. मला वाटलं होतं त्या भांडतील. आयुष्यभर वर्ग गप्प बसवलेली बाई मुलापुढे एक शब्द बोलली नाही. तेव्हा मी पुढे झाले आणि म्हटलं, “अरे, दुरुस्ती होऊ शकते. पालिकेची योजना आहे. घरपट्टीत सूट...”

“काकू, प्लीज,” तो म्हणाला. “घरपट्टीचं काय घेऊन बसलात तुम्ही?”

“खड्ड्यात गेली घरपट्टी,” मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की कपाटाचा आवाज थांबला. “मला काय करायचीय सूट? मला तुझी आई जायला नकोय. एवढंच आहे. दुपारी चारला मी कोणाबरोबर बसू? या खजिनदाराबरोबर? हे छत दुरुस्त झालं असतं तर तिला कोणी नेलं नसतं, म्हणून मी पालिकेत खेटे घातले, म्हणून त्या पोराला वर आणलं. मला नाही राहवणार ती गेली तर. ने तू, तुझी आई आहे. पण मला आवडणार नाही.”

लाटणं हातात होतं, तेच त्याच्यासमोर नाचवत होते हे मला नंतर कळलं. तो जरा मागे सरकला होता. मग त्याने सोफ्यावरचा तुकडा उचलून बाजूला ठेवला आणि तिथेच बसला.

“सळया बदलून, वॉटरप्रूफिंग करून सगळं नीट करणार?” वर बघत म्हणाला. “तोपर्यंत आई इथे राहू शकणार नाही. कुठे राहील?”

“कुठे म्हणजे? माझ्याकडे. खाली.”

“काम वेळेत होईल?”

“मी सेक्रेटरी आहे,” मी म्हटलं. हे काही उत्तर नव्हे, पण त्याला पुरलं असावं. डोक्यावरची धूळ झटकत म्हणाला, “त्या इंजिनियरला परत बोलवा मग. मी थांबतो तोवर.”

बाई आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या होत्या. हातात घडी केलेली साडी. त्या मुलाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या, आणि भयंकर चिडल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं चिडलेलं बघितलं नव्हतं.

“हे आधी बोलता येत नव्हतं तुला?” त्या म्हणाल्या. “या वयात मी त्या स्टुलावर चढून हाताने पुट्टी भरली. सगळी दुपार. एका हाताने भिंत धरून.”

मुलगा स्टुलाकडे बघत राहिला. मी बाईंच्या हातातली साडी काढून घेतली आणि खाली माझ्या कपाटात नेऊन ठेवली.